दारू सुटल्यानंतरची वाट

(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी पाठ)

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २३:२९-३५, निर्गम १६:१३-२१, लूक ११:२४-२६, योहान ११:३८-४४



नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायाच्या अखेरीस दारूच्या नादी लागलेल्या मनुष्याचे जे वर्णन आहे ते आपणांपैकी बहुतेकांनी संडे स्कूलपासून ऐकलेले आहे. डोळ्यांची लाली, कारणावाचून झालेल्या जखमा, भांडणतंटे, जहाजावर निजलेल्या माणसासारखे हेलकावे, सारे त्यात आहे. परंतु त्या उताऱ्याचा शेवट आपण पुष्कळदा घाईने वाचून टाकतो. तो मनुष्य मार खाऊन पडला आहे, आणि शुद्धीवर आला की पुन्हा तेच शोधावयास निघणार आहे. या व्यसनाचे मर्म शास्त्रलेखकाने तेथे पकडले आहे. दारूने दिलेला त्रास माणसाला दारूपासून दूर नेत नाही. कित्येकदा तोच त्रास विसरण्यासाठी तो पुन्हा प्याल्याकडे वळतो.

आपल्या व्यासपीठावरून दारू पिऊ नये याविषयी पुष्कळ सांगितले जाते. दारू सुटल्यानंतर काय होते याविषयी मात्र फारच थोडे. एखाद्या बंधूने उपासनेत उभे राहून सोडल्याचे जाहीर केले की आपण हालेलूया म्हणतो, त्याचा हात हाती घेतो, आणि काम झाले असे समजून घरी जातो. त्याचे काम तर त्याच दिवशी सुरू झालेले असते. त्याच्या शरीरात, मनात, घरात आणि मंडळीतील त्याच्या जागेत पुढे बरीच वर्षे बदल होत राहतात, आणि प्रत्येक टप्प्याची अडचण निराळी असते. पहिल्या आठवड्यात उपयोगी पडणारी मदत पहिल्या वर्षी पुरत नाही. आणि पाचव्या वर्षी जो विश्वास टाकावयाचा तो पहिल्या महिन्यात टाकला तर घात होतो. म्हणून या पाठात आम्ही ही वाट टप्प्याटप्प्याने पाहणार आहोत.

थोडे घेणे योग्य की अयोग्य हा वाद येथे काढावयाचा नाही. ज्याचा एक प्याला एकावर राहत नाही अशा भावाबहिणींविषयी हा पाठ आहे, आणि ती थोडी नाहीत. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे १० ते ७५ वर्षे वयाचे सुमारे १६ कोटी लोक आपल्या देशात दारू घेतात. आणि ज्यांना दारूवाचून चालत नाही अशा दर ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. उरलेले सदतीस कोठे आहेत? काही आपल्याच बाकांवर, मागच्या रांगेत बसलेले आहेत.

१. पहिले काही दिवस : शरीराची परीक्षा

या टप्प्याविषयी प्रत्येक मंडळीला माहिती असली पाहिजे, कारण येथे अज्ञानाने जीव जातो.

जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज पितो, सकाळी उठताच ज्याचे हात कापतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, त्याचे शरीर दारूवर बेतलेले असते. मेंदूला मंद करणारा हा पदार्थ रोज येणार असे धरून मेंदूने स्वतःला उलट बाजूने ताणून ठेवलेले असते. दारू एकाएकी बंद झाली की तो ताण मोकळा सुटतो. शेवटच्या प्याल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, उलट्या, धडधड, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फेफऱ्यासारखे झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, दिवस की रात्र हे कळत नाही. डॉक्टर ह्यास डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. त्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर मृत्यू येऊ शकतो.

आता असे समजा की रविवारी प्रार्थना झाली आणि बंधूने त्याच क्षणी दारू टाकली. मंगळवारी रात्री तो असंबद्ध बडबडू लागला. घरचे म्हणतात, भूत लागले. शेजारी म्हणतात, नाटक आहे. आणि एखादा जोमदार प्रार्थनागट त्याला खोलीत कोंडून दुष्टात्मा काढावयास बसतो. वाचकहो, हा आजार आहे आणि त्याची जागा रुग्णालय आहे. तेथे काही दिवस देखरेखीखाली औषध देऊन ते हळूहळू कमी करतात, आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व भरपूर देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा तुटवडा असतो आणि त्या तुटवड्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरकडे नेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. ज्याचे शुभवर्तमान आपण वाचतो तो लूक स्वतः वैद्यच होता.

आपल्या मंडळ्या ज्या गावी आहेत तेथून अशी मदत फार दूर नाही. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, बेळगावकरांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, इंदूरचे बाणगंगेचे, वडोदऱ्याचे कारेलीबागेतील व हैदराबादचे एर्रगड्ड्याचे रुग्णालय ही सर्व सरकारी ठिकाणे आहेत. मानसिक रुग्णालयाच्या नावाने लाजू नये. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे आपल्या तेथील कुटुंबांना लाजेबरोबर कायद्याचीही धास्ती असते आणि दुखणे अधिकच झाकले जाते. परंतु डॉक्टरपासून रोज किती घेतो हे लपवू नये. त्यावरच औषधाचे प्रमाण ठरते.

आणखी एक इशारा. रोग्याला न कळविता दारू सोडविण्याच्या जाहिराती भिंतींवर व वर्तमानपत्रांत दिसतात. कित्येक त्रासलेल्या माउल्या चहात, आमटीत गोळी कुटून घालतात. डिसलफिराम नावाचे औषध असे आहे की ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, जीव घाबरतो, रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि प्रसंगी प्राणावर बेतते. हे औषध रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने व डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. शिवाय जेवणात काय कालवले आहे या संशयाने ज्या घरात घास घ्यावा लागतो, त्या घरात बरे होणे कठीण आहे.

२. पहिले तीन महिने : रिकामी संध्याकाळ

आठवडाभरात कंप थांबतो. भूक लागते. गोड खाण्याची इच्छा विलक्षण वाढते. पेढा, गुळाचा खडा, चहात जास्त साखर. मधुमेह नसेल तर घरच्यांनी त्याबद्दल टोकू नये. वाढलेला रक्तदाब काही आठवड्यांत उतरू लागतो. यकृतावर चढलेली चरबी, यकृत अद्याप कायमचे आखडले नसेल तर, दोन ते सहा आठवड्यांत पुष्कळशी उतरते. खिशात पैसे राहतात. झोप मात्र लवकर सुधारत नाही. तुटक झोप आणि पिण्याची स्वप्ने महिनोन्महिने पडतात, आणि स्वप्नात प्यालो म्हणून मनुष्य दचकून, अपराध्यासारखा उठतो.

मनाचे दोन प्रकार दिसतात. काहींना पहिले काही आठवडे सारे जग उजळल्यासारखे वाटते. आपण जिंकलो, आता मित्रांबरोबर नुसते बसले तरी काही होणार नाही, असे ते बोलू लागतात. दुसऱ्या काहींना सारे बेचव, राखेसारखे लागते. दोन्ही अवस्था धोक्याच्याच आहेत, आणि पुन्हा पिणे सर्वांत अधिक घडते ते याच तीन महिन्यांत.

कारण काय? प्रभूने लूक ११ मध्ये सांगितलेला दाखला पाहा. घरातून अशुद्ध आत्मा निघून गेला. घर झाडलेले, नीटनेटके आहे. पण रिकामे आहे. तो परत येतो आणि आणखी सात जणांना घेऊन येतो. दारूने केवळ पैसा खाल्लेला नसतो. तिने संध्याकाळचे सहा ते दहा हे चार तास व्यापलेले असतात, मित्र दिलेले असतात, थकवा काढावयाची रीत दिलेली असते. ती गेली की ते चार तास ओसाड पडतात. माणसाला पी नको एवढे सांगून भागत नाही. सात वाजता त्याने काय करावे हेही सांगावे लागते, आणि त्याच्याबरोबर ते करावे लागते.

येथे निर्गमाचा सोळावा अध्याय उपयोगी पडतो. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो एका दिवसापुरता. उद्यासाठी साठविला त्याला किडे पडले. आजन्म पिणार नाही ही शपथ म्हणजे साठविलेला मान्ना आहे. ती फार जड होते. आजचा दिवस पिणार नाही एवढे बोलणे माणसाला पेलते. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील अॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातील मनुष्य आणि डॉ. बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांना भेटले. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हा बंधुसंघ निघाला. एका वेळी एकच दिवस हे त्यांचे सूत्र आहे. तेथे फी नाही, आडनाव विचारीत नाहीत, आणि कोणत्याही धर्माचा मनुष्य बसू शकतो. आपल्या देशातही त्यांच्या सभा अनेक शहरांत भरतात, कित्येक ठिकाणी ख्रिस्तमंदिराच्याच खोलीत. त्या सभेला जाणाऱ्याला, येशू पुरेसा नाही काय, असे टोमणे आपल्यापैकी कोणी मारू नयेत. पडलेल्या माणसाची भाषा पडून उठलेल्यालाच चांगली कळते.

याच मंडळींत चार गोष्टी जपावयास सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. या चारांपैकी काही दाटून आले की इच्छा उसळते. इच्छेची लाट बहुधा काही मिनिटांतच ओसरते; तेवढा वेळ कोणी जवळ असावे, पोटात काही असावे. म्हणून मंडळीने दोन-तीन जबाबदार बंधू नेमून त्यांचे फोन नंबर त्याला द्यावेत, आणि त्यांनी रात्री अकरालाही फोन उचलावा.

या काळात मंडळीने तीन गोष्टी टाळाव्यात. पहिली, त्याला लगेच साक्ष देण्यासाठी उभे करू नये. टाळ्यांनी त्याच्या डोक्यात विजय चढतो, आणि पुढे घसरला तर त्याच लोकांना तोंड दाखविणे त्याला अशक्य होते. दुसरी, त्याच्या हाती दानपेटी किंवा बांधकामाचा पैसा देऊ नये. सतरंज्या घालणे, गीतपुस्तके वाटणे, आजाऱ्याला भेटावयास बरोबर येणे, अशी कामे द्यावीत. तिसरी, नकळत प्याला पुढे करू नये. नाताळच्या केकमधील रममध्ये भिजविलेली फळे, लग्नातील टोस्ट, खोकल्याची काही औषधे, आणि द्राक्षासवासारखी आसव-अरिष्टे ह्यांत दारूचा अंश असतो. पाहुणचार करणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

प्रभुभोजनाचा प्रश्न येथेच येतो. आपल्या पुष्कळ मंडळ्यांत न आंबविलेला द्राक्षरस वापरतात. त्या रीतीचा उगमही अशाच काळजीतून झाला. १८६९ साली अमेरिकेतील थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढली, ती प्रभुभोजनासाठीच. जेथे अद्याप द्राक्षारस आहे तेथे त्या एका बंधूला निराळा प्याला देऊन साऱ्यांच्या नजरेत आणण्यापेक्षा सर्वांनीच रस घ्यावा असे आम्हांस वाटते. दुर्बळ भावाला ठेच लागू नये म्हणून आपला हक्क सोडावा हे पौलाने करिंथच्या मंडळीला शिकविलेच आहे.

३. तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत : घराची पुनर्रचना

शरीर सावरले की घराची पाळी येते, आणि येथे पुष्कळांचा अपेक्षाभंग होतो. तो म्हणतो, मी आता पीत नाही, तरी तुमची तोंडे अशी का? घरची मनातल्या मनात म्हणते, दहा वर्षे मी काय काढले ते एका शब्दाने तरी विचारलेस काय?

ह्यात नवल काही नाही. तो पीत होता तेव्हा तिला रागवावयासही फुरसत नव्हती. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उभे राहणे, मुलांची फी, घरमालकाला दिलेल्या थापा, शेजाऱ्यांपुढे हसरे तोंड. सारे तिने एकटीने ओढले. आता घरात शांतता आली, आणि आतापर्यंत दाबून ठेवलेला राग वर आला. शिवाय घराच्या किल्ल्या, बँकेचे पुस्तक, मुलांचे निर्णय तिच्या हाती आलेले असतात. तो शुद्धीवर येतो आणि म्हणतो, मी घरचा कर्ता आहे, सारे माझ्याकडे द्या. हे लगेच होत नसते आणि होऊही नये. विश्वास मागून मिळत नाही. ठरल्या वेळी घरी येणे, ठरलेला पैसा ठरल्या दिवशी देणे, मुलाला दिलेला शब्द पाळणे, अशा लहान गोष्टींनी तो जमतो.

तिच्या बाजूनेही काही शिकण्यासारखे आहे. रोज तोंडाचा वास घेणे, पिशव्या तपासणे, प्रत्येक भांडणात जुने उकरून काढणे ह्यांनी कोणाची दारू सुटलेली नाही. त्याचे पिणे तिच्यामुळे नव्हते, आणि त्याचे न पिणे सांभाळणे हेही तिचे काम नव्हे. हे ओझे उतरविण्यासाठी १९५१ साली बिल विल्सनची पत्नी लोइस आणि तिची एक मैत्रीण ह्यांनी घरच्या माणसांसाठी अल-अॅनॉन हा निराळा संघ सुरू केला. आपल्या महिला मंडळात अशा भगिनीला मोकळेपणी रडता येते काय, की ती बोलू लागताच आपण तिला प्रार्थनेचा विषय करून गावभर करतो? हा प्रश्न आपण स्वतःस विचारावा.

मुलांचे दुखणे आणखी खोल असते. बापाच्या चपलांच्या आवाजावरून आज कोपऱ्यात लपावयाचे की नाही हे ठरविण्यास ती शिकलेली असतात. बाप सुधारला तरी ती सवय चटकन जात नाही. त्यांना क्षमेचा उपदेश करण्याची घाई करू नये.

याच वर्षात सारे प्रसंग पहिल्यांदा येतात : दारूशिवायचा पहिला नाताळ, पहिले लग्न, पहिली मयत, पहिला बोनस. अशा वेळी जुने दिवस गोड होऊन आठवतात. गणना ११ मध्ये रानातील इस्राएल लोकांना मिसरातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवले. विटा थापताना पाठीवर बसलेले फटके आठवले नाहीत. आठवणीचा हा लबाड स्वभाव ओळखून ठेवावा, आणि प्रसंग येण्याआधीच ठरवावे : किती वेळ थांबणार, कोणाबरोबर जाणार, आग्रह झाला तर काय बोलणार.

देणेकऱ्यांचाही हिशेब याच काळात घ्यावा. जक्कयाच्या घरी तारण आले तेव्हा त्याने गीत म्हटले की नाही हे लूकने लिहिले नाही. घेतलेले चौपट परत करण्याचे तो बोलला हे लिहिले आहे. किराणावाल्याचे दीडशे रुपये महिन्याला पंचवीस-पंचवीस करून फेडणारा बंधू त्याच दुकानाच्या पायरीवर आपली साक्ष देत असतो.

४. घसरलाच तर

बरे होण्याच्या वाटेवर अनेक जण एकदा तरी घसरतात. नीतिसूत्रे २४:१६ मध्ये नीतिमान मनुष्य सात वेळा पडला तरी उठतो असे म्हटले आहे; तेथे त्याला नीतिमान म्हणणे थांबविलेले नाही. मात्र वैद्यकाच्या दृष्टीने दोन धोके सांगणे अवश्य आहे. काही महिने न प्यालेल्या शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, म्हणून पूर्वीइतकीच मात्रा आता जिवावर बेतू शकते. आणि पुन्हा नेमाने पिऊन पुन्हा सोडताना येणारे झटके आधीपेक्षा तीव्र असू शकतात. म्हणून पडलेल्याने त्याच दिवशी कोणालातरी सांगावे. लाजेने लपविलेला एक प्याला आठवड्यात बाटली होतो. आपल्या मंडळीत हे सांगणे सोपे आहे काय, हाच येथे खरा प्रश्न आहे.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. प्याल्यावर जो हात उगारतो त्याच्या घरी पत्नीने व मुलांनी मार खात राहणे म्हणजे क्षमा नव्हे. त्या वेळी मंडळीचे पहिले कर्तव्य त्यांना सुरक्षित जागी नेणे हे आहे. पतीशी बोलणे त्यानंतर.

५. वर्षानंतर : दारू गेली, स्वभाव राहिला

पहिला वर्धापनदिन झाला की अभिनंदन थांबते. लोकांना सवय होते. आता उरते ते साधे, रोजचे आयुष्य, आणि त्यात असे दिसून येते की सारेच दोष दारूचे नव्हते. तापटपणा, आळस, हेवा, खोटे बोलण्याची सवय ही तिच्याआडून राहत होती. आड गेली आणि ती उघडी पडली. काही जण दारूची जागा दुसऱ्या कशाने भरतात. तंबाखू व सिगारेट वाढते. ज्या बिल विल्सनने लाखोंना वाट दाखविली तो स्वतः धूम्रपानाने झालेल्या फुप्फुसाच्या विकाराने १९७१ साली वारला. काही जण जुगाराकडे वळतात. आणि काही जण, हे नीट ऐकावे, देवाच्या कामाकडे असे वळतात की रोज रात्री सभा, उपास, दौरे. पूर्वी गुत्त्यामुळे जो बाप घरी नव्हता तो आता मंडळीमुळे घरी नसतो. मुलांना दोहोंत फरक कळत नाही.

दुसऱ्यास हात देणे हे या टप्प्याचे मोठे औषध आहे. मुंबईस वांद्र्याला फादर जो परेरा ह्यांनी स्वतः या व्यसनातून बाहेर पडल्यावर १९८१ साली कृपा फाउंडेशन काढले. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तेथे बरे झालेले कित्येक जण पुढे तेथलेच कार्यकर्ते झाले. साध्या माणसाच्या बोलण्याने काय होते याची गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रीतसर परीक्षाच झाली. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी थोड्या बैठकांत सल्लामसलत केली. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा सल्ला मिळालेल्यांपैकी शेकडा ४२ जण गेले दोन आठवडे अजिबात प्यालेले नव्हते. ज्यांना केंद्रातील नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यांत हे प्रमाण शेकडा १८ होते. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. व्यसन पुरते जडलेल्यांची ही गोष्ट नव्हे, त्यांना डॉक्टर हवाच; पण वेळीच ऐकून घेणारा मनुष्य भेटला तर किती जण तेथवर पोहोचणारच नाहीत, याचा विचार आपल्या तरुण संघाने करावा.

६. पाच वर्षे आणि पुढे

जॉर्ज व्हेलंट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने शेकडो पुरुषांचे आयुष्य अनेक दशके पाहिले. पाच वर्षे सलग दारूपासून दूर राहिलेला मनुष्य पुन्हा पिण्याकडे क्वचितच वळतो, असे त्याला आढळले. ही आशेची गोष्ट आहे, आणि थकलेल्या कुटुंबांना ती अवश्य सांगावी. क्वचित म्हणजे कधीच नाही असे मात्र नव्हे. आता एखादा प्याला चालेल काय, याची परीक्षा घेऊन पाहू नये. यकृत कायमचे आखडले असेल तर त्याचा व्रण राहतो. दारू बंद ठेवल्याने पुढील हानी रोखली जाते, एवढेच पण मोलाचे.

या टप्प्यावर परीक्षा त्याच्यापेक्षा आपली अधिक असते. योहान ११ मध्ये प्रभूने लाजराला हाक मारली आणि तो बाहेर आला. पण हातपाय बांधलेलेच होते. ते सोडण्याचे काम प्रभूने भोवतालच्या लोकांना सांगितले. जीव देणे देवाचे, पट्ट्या सोडणे मंडळीचे. दहा वर्षे न प्यालेल्या माणसाचा उल्लेख करताना, तो पूर्वी फार प्यायचा हो, असे आपण अजून जोडतो काय? त्याच्या मुलीच्या स्थळाच्या बोलण्यात ते कुजबुजतो काय? पंच कमिटीसाठी त्याचे नाव आले की खाकरतो काय? मग पट्ट्या आपणच धरून ठेवल्या आहेत.

पुढच्याच अध्यायात, योहान १२:२ मध्ये, लाजर पुन्हा दिसतो. तेथे तो भाषण करीत नाही, कोणी त्याच्याकडून साक्ष घेत नाही. जेवणाची पंगत बसली आहे, मार्था वाढीत आहे, आणि लाजर इतरांबरोबर जेवावयास बसला आहे. दारूतून उठलेल्या माणसाला शेवटी हवे असते ते एवढेच : पंगतीतील आपली जागा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात दारू सोडविताना उपचार कोणत्या रुग्णालयात मिळतात? ते, आणि व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय फोन क्रमांक १४४४६ व मानसिक आरोग्याचा १४४१६, मंडळीच्या सूचनाफलकावर लावले आहेत काय?

२. आपल्या मंडळीतील कोणाची संध्याकाळ रिकामी आहे? या आठवड्यात ती कोण भरणार?

३. प्रभुभोजन, नाताळ व लग्नसमारंभ ह्यांत कोणती रीत बदलावी लागेल?

४. एखादा बंधू किंवा भगिनी घसरली तर ती प्रथम कोणाला सांगू शकेल? त्या व्यक्तीच्या पोटात गोष्ट राहते काय?

५. कोणाच्या हातापायाच्या पट्ट्या आपण अजून सोडल्या नाहीत? नाव मोठ्याने घेऊ नये. मनात घ्यावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी जाऊन बसावे.